जांभळ्या आभाळाची आवृत्ती

४ फेब्रु.
ऑफिसला जाताना भवानी पेठेत धाकट्या भावाकडे, बाळूकडे. त्याला पॅरालिसिसचा झटका येऊन सात आठवडे झाले. उजवा हात तसाच, बोलणं नाही. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "अंगठा हलला तर पुढचं बघता येईल. पण ते मनावरच घेईनात. त्यांच्या आवडीचं काही आहे का?" त्याच्या बायकोने, सुनंदाने, माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे.
वाईट वाटायला हवं, एवढं कळतं. पाणीकपातीची बातमी चुकून दोनदा लिहिली. दोन्ही शब्दशः सारख्या.

५ फेब्रु.
आठवलं. शाळेत असताना टीव्हीला जोडायचा गेम. टोपीवाला राजपुत्र, चार किल्ले. दोघांच्या सुट्ट्या त्यात गेल्या.
दुकानदार : "कौनसा होना, साब? असली हाय, नवा हाय, मोबाईलका बी हाय."
साक्षात पाठभेद. संस्कृतात एम.ए. केल्याचा वार्ताहरकीत प्रथमच उपयोग. मूळ पाठच प्रमाण. असली घेतला.

७ फेब्रु.
लावला. आभाळ निळं. आमचं तर जांभळं होतं. बाळूने गेमचा रिमोट मांडीवर घेतला. राजपुत्र पहिल्याच खड्ड्यात. परत खड्ड्यात.
आमचा राजपुत्र उडायचा. डावीकडचा वरचा बाण दाबून धरला की झालं. खड्डे शोभेसाठी असतात अशी आमची समजूत. म्हणजे आमची कॅसेट नकली, कुणीतरी फेरफार केलेली. अख्खं बालपण प्रक्षिप्त. असलीत उडी मारावी लागते, आणि उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली.
अंगठा जरासा थरथरला, की टीव्हीचा उजेड? विचारणार, तोवर बाळूने तोंड फिरवलं.
सुनंदा : "भाऊजी, चिडवायला आणलंय का हे ह्यांना?"

१० फेब्रु.
दुकानदाराने नक्कल शोधून दिली. "खराब कॉपी हाय साब, सोचके लेव." म्हटलं, आमची परंपरा हीच.

११ फेब्रु.
जांभळं आभाळ. बाळू सरसावून बसला. एकट्या डाव्या हाताने चारही किल्ले, उडत उडत. हसला. एका बाजूनेच, पण हसला. मग दीड भाकरी खाल्ली. सुनंदा आत जाऊन तोंड धुऊन आली. मी चहा मागितला. साखर जास्त आहे, एवढंच वाटलं.

१५ फेब्रु.
रोज उडतोय. उजवा हात पाहुण्यासारखा बाजूला बसलेला.
अंगठ्याचं बाईंना सांगून टाकलं. त्या लगेच, "मग तो उड्यांचाच लावा. हात असाच राहिला तर आखडेल."
सुनंदा : "रागानं हलला असंल."
"रागानं का होईना."
"दोन महिन्यांनी हसलाय की माणूस. तेवढं तरी राहू द्या त्याला."
मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी दोन्ही बाजू मांडतो. छापायचं काय ते संपादक ठरवतात. असं म्हणालो नाही. म्हणालो, बघू.

१६ फेब्रु.
गेलो नाही. काम होतं असं कळवलं. नव्हतं.

१७ फेब्रु., स. ११
दुकानदाराकडून दोन्ही गेम एकाच कॅसेटमध्ये भरून आणले. लावलं की टीव्हीवर दोन्ही शेजारी शेजारी, हवा तो निवडायचा. "बाळ्या, तूच सांग. निळं का जांभळं?"
निवडीची चौकट सरकवायची डाव्या हाताने. पण पक्कं करायचं बटण उजवीकडे. बाळू डावा हात तिकडे न्यायला लागला, तर सुनंदानेच तो धरला. "ह्यानं नाही. त्यानं."
बाळू तिच्याकडे बघत राहिला. तिने सोडला नाही. मग उजवा हात तिनेच उचलून रिमोटवर ठेवला, अंगठा बटणावर.
बाळू टीव्हीकडे बघायला लागला. चौकट जांभळ्यावर. डावा सोड म्हणून त्याने मान हलवली. तिने सोडला. चौकट निळ्यावर. परत जांभळ्यावर. परत निळ्यावर.
सव्वाअकरा. ऑफिसचे दोन फोन येऊन गेले. अजून दाबलेलं नाही. त्याच्या कपाळावर घाम आलाय. सुनंदा पुसत नाही.
शेजारी बसून लिहितोय. अंगठा जरासा हलला, की परत टीव्हीचा