न चिरलेला कन्व्हर्टर

लिमा, ओहायो
शुक्रवार, १४ मार्च

प्रिय डेल्मर,

तू बरा असशील. मी बरी आहे. समोर लेथवर एक टॉर्क कन्व्हर्टर फिरतोय. हत्यार वेल्डच्या रेषेत निम्मं उतरलंय, तेवढ्या वेळात हे लिहायला घेतलं. गुडघा सोडला तर तक्रार नाही. काम भरपूर आहे. आजूबाजूच्या तीन काउंट्यांतले लोक अजून माझ्याकडेच येतात, आणि बरोबरच करतात.

आज ट्रूडी नावाचं नवं गिऱ्हाईक आलं होतं. शर्यतीत पिकअप पळवते, जीभ त्याहून जोरात पळते. आपल्या नियमाप्रमाणे तिचा जळलेला कन्व्हर्टर तिच्यासमोर चिरला. स्टुलावर बसून डोनट खात म्हणाली, "अडाण्याला सांगतात तसं सांग."

"इंजिन आणि गिअरच्या मध्ये हा डबा बसतो, आत तेल असतं. तेलावर चालतंय तोवर थोडं घसरतं. लॉक केलं की आतली ताटली झाकणाला घट्ट चिकटते, घसरणं बंद. मग इंजिनाचा सगळा जोर त्या ताटलीवर."

"म्हणजे लग्नच की!"

मग तिचं लक्ष टेबलाखालच्या न चिरलेल्या कन्व्हर्टरकडे गेलं. "तो कुणाचा?"

"भावाचा."

"सगळ्यांची पोटं फाडतेस, याचं का नाही?"

"कारण माहीत आहे. त्याने लॉकचं बटण लवकर दाबलं."

"न उघडताच कळलं? डॉक्टर का नाही झालीस, बाई?"

ती गेल्यावर तो उचलून लेथवर चढवला. त्यावर खडूने तुझं नाव आहे. नऊ वर्षांत खडू टिकत नाही; मी अधूनमधून गिरवत आले. गिरवायला वेळ होता, चिरायला नव्हता.

थांब, जोड सुटला.

पाहिलं. बटण लवकर दाबलं असतं तर ताटलीचं अस्तर सगळीकडे सारखं काळं पडलं असतं. तुझ्या ताटलीची फक्त बाहेरची बोटभर कडा जळलीय. आतला भाग कोरा आहे. म्हणजे दाबाखाली झाकण फुगलं आणि ताटली कडेवरच टेकली. भरीव पोलादातून कातलेलं झाकण असं फुगत नाही. पत्र्याचं फुगतं.

हे पत्र्याचं आहे.

भरीव झाकण शर्यतीआधी आलंच नव्हतं. ते मी तुला सांगितलं नाही. जुनंच बसवलं आणि तुला ओळखू येऊ नये म्हणून वरून काळा रंग मारला. तू बटण जिथे दाबायचं तिथेच दाबलंस. लॉक सुटला, इंजिन ओरडलं, तेल उकळून मागच्या चाकांखाली सांडलं, गाडी भिंतीला लागली. तुला स्ट्रेचरवर घेत होते तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "घाई केली त्याने." दाराजवळच्या भिंतीवर मोडलेले भाग कारणासकट टांगतो ना, तिथे कार्डही लावलं: बटण लवकर दाबलं, डेल्मर. तू गावच सोडलंस, आणि आता शाळेची बस चालवतोस.

मला चिरायच्या आधीच माहीत होतं. म्हणूनच चिरला नाही.

ये, असं म्हणत नाही. तुझी गाडी ताडपत्रीखाली आहे, टायरांत हवा मी भरत असते. ट्रॅक मेमध्ये उघडतो. या वेळी झाकण भरीव पोलादाचं असेल, आणि तू बघितल्याशिवाय मी ते वेल्ड करणार नाही. मी बांधलेलं टिकतं, डेल्मर. ते एक टिकेल का, याची मला तेव्हाच शंका होती.

तो कन्व्हर्टर बांधणारी, तुझी बहीण,
व्हर्ना

ता. क. शनिवार. सकाळी जुनं कार्ड काढलं, तुझं झाकण टांगलं आणि खाली लिहिलं: पत्र्याचं झाकण, रंगाखाली लपवलेलं, चूक व्हर्नाची. ट्रूडी आठला आली. उभ्यानेच वाचलं. मग म्हणाली, "माझं नवं झाकण दाखव." दाखवलं. तिने नखाने त्यावरचा रंग खरवडून पाहिला, आणि वेल्ड करायला सांगितलं.