बंबाची नळी आणि पाच हजार फूट

३ जानेवारी १९७३
निश्चय झाला. प्रजासत्ताक दिनी बेलापूरच्या आकाशात माझं रॉकेट. उंची पाच हजार फूट. शाळेत जाहीर केलं : न उडालं तर मिशी उतरवीन. मुख्याध्यापक म्हणाले, मार्तंडराव, जपून. मत्सर, दुसरं काय!

९ जानेवारी
बॉडीला उत्तम नळी घरातच सापडली. आंघोळीच्या बंबातली मधली. तांब्याची, सरळसोट. सौ. नीलांबरीने विचारलं, अहो, पाणी कशात तापवायचं? गार पाण्याने रक्ताभिसरण सुधारतं, हे तिला समजावलं. तेव्हापासून बोलत नाही.

१८ जानेवारी
जत्रेच्या दारूकामवाल्याकडून शोभेची दारू आणून ठासली. वर पत्र्याचं टोक. घट्ट बसलं. फारच घट्ट. कॅल्क्युलेशन पुन्हा केलं. सात हजार फूट.

२६ जानेवारी, सकाळी ९
मी विज्ञानवादी आहे. तरी नारळ आणला. उगाच रिस्क नको.

दुपारी
वात बसवायला रॉकेट उलटं धरलं होतं. सरपंच कारभारी पाटलांनी नारळ फोडला आणि पाणी थेट नळीच्या तोंडात ओतलं. म्हणाले, "तीर्थ हाय मास्तर, पोटात गेलं पायजे." नंतर एकवीस काड्या ओढल्या. ढिम्म! मुलं हसली. तत्त्वतः उड्डाण यशस्वी.

२७ जानेवारी
मिशी उतरवली. गार पाण्याने. तीन ठिकाणी कापलं. नाहीतरी उन्हाळ्यात काढणारच होतो. आरशात बघून मात्र रडू आलं.

२८ जानेवारी
ओली दारू खरवडली. जवळजवळ सगळी. नळी बंबात परत बसवली. टोक काही निघेना. राहू दे, शोभून दिसतं.

३० जानेवारी, सकाळी ६
बंब पेटवला. अंगाला साबण लावून बसलो.

सकाळी ६.१०
उडालं!! न्हाणीघराचे पत्रे फोडून गेलं! मी टॉवेलवर अंगणात. दोनशे फूट तरी नक्की. बघणारं कोण? शेजारच्या झुंबरबाई. म्हणाल्या, "मास्तर, तुमचं नळकांडं आमच्या उसात पडलंय. घिऊन जा."

धावत मुख्याध्यापकांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. म्हणाले, चहा घेणार का?

घरी आलो. ही तीन आठवड्यांनी पहिल्यांदा बोलली.
"म्हणजे पाणी गारच ना?"