फौजदाराचे दहा दिवस

जुना जालना
५ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस,
प्रांजलीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. रेणूच्या दंडाला फौजदार चावला होता, तिथले टाके निघाले. एक इंजेक्शन तेवढं राहिलंय.

कल्याणदादा फोनवर म्हणाला, फौजदार गेला, बरं झालं. कसा गेला ते विचारलं तर दुसरंच बोलायला लागला. दवाखान्यात रागाच्या भरात मी तुम्हाला म्हणाले होते की ते कुत्रं आहे तोवर टेंभुर्णीत पाय ठेवणार नाही. आबा, तो आपल्या मरणानं गेला की माझ्या बोलण्यानं? शेळीचं दूध पाजून मीच त्याला वाढवला होता. खरं काय ते कळवा.

गुडघे जपा. लेकीवर माया असू द्या.

आपली,
प्रांजली

टेंभुर्णी
११ फेब्रुवारी

चि. सौ. प्रांजलीस,
धुळाजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तो आपल्या मरणानं गेला नाही. डॉक्टरांनी दहा दिवस बांधून नजर ठेवायला सांगितलं होतं. दहाही दिवस तो बराबर जेवला, पिसाळला नाही. अकराव्या दिवशी मी डॉक्टरांना घरी बोलावलं. ते म्हणाले, नुसतं बांधून ठेवा, मारायची गरज न्हाई. मीच हट्ट धरला. दुसऱ्या कोणाला त्यानं जवळ येऊ दिलं नसतं. मी मान धरली तर गप्प उभा राहिला, म्हणून सुई देता आली.

चूक माझी आहे. मेंढरांवर नवं माणूस आलं की त्याच्या खांद्यावर आपलं घोंगडं टाकून त्याच्या हातानं कुत्र्याला भाकर द्यायची, ही आपली रीत. जावईबापूंनाही आपण तशीच ओळख दिली होती. मेंढरं विकून फौजदाराला घरी आणल्यावर रेणू पहिल्यांदाच आली. मला वाटलं, आपलंच रक्त, तिला कसली ओळख द्यायची. कुत्र्याला रक्त काय कळतं.

शेजारचा भुजंग रोज येऊन सांगतो की गल्ली मोकळी झाली. मी मान डोलावतो. जेवायला बसलो की हात अजून त्याच्या वाट्याची भाकर मोडतो. तू इतक्यात येऊ नको. पोरीला तोंड कसं दाखवू ते कळत नाही.

सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
आबा

जुना जालना
१६ फेब्रुवारी

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या हट्टामागे माझा शब्द होता. तुम्ही लिहिलं नाही तरी मला कळतं. आता माझंही ऐका. माझा राग तिसऱ्या दिवशीच उतरला होता. त्याला मारू नका, बांधून ठेवा, एवढं दादाला फोनवर सांगायचं होतं. पण वाटलं, आबांना जरा लागू दे, मग सांगू. दहा दिवस माझ्या हातात होते आबा, आणि मी गप्प बसले.

रेणूचं शेवटचं इंजेक्शन आज झालं. ती आजोबांवर रागावलेली नाही, कधी जायचं तेवढंच विचारते. इथं मी डोळे पुसले की हे चकित होऊन बघतात. पोरीला फाडणाऱ्या कुत्र्यासाठी आई रडते, हे त्यांना उमगत नाही. त्यांचंही चुकत नाही. फौजदारासाठी रडणारी जगात दोनच माणसं आहेत, आणि ती दोन गावांत बसून एकमेकांपासून तोंड लपवताहेत. तुम्ही नको म्हणालात तरी पुढच्या रविवारी रेणूला घेऊन येते.

राग असेल तर समोर काढा, पण लोभ ठेवा.

आपली,
प्रांजली