सरूचा गंगेचा गडू

मंगळवार, ता. ४
पहिली आली ते सरूच, माही ननंद. काल फोनवर सांगितलं, आमच्या बुढ्याले, तुह्या भावाले, लकवा मारला, उजवं अंग गेलं, भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं. तर सानगडीहून सकाळच्या पहिल्या गाडीनं हजर. रडत आली, पण गजरा माळून. पिशवीतून पहिले काय काढलं? गंगेचा गडू!
म्हणलं, "सरू, लोक सफरचंद आणतेत."
"राहू द्या वयनी. येळेवर शोधत बसाल."

नात पल्लवी नर्सिंग शिकते. तिनं समजावलं. डॉक्टर वय पायतेत, शुद्ध पायतेत, हात उचलते का, बोलते का, साऱ्याचे आकडे मांडून बेरीज. बेरीज मोठी तेवढी जिवाची भीती, अन् पहिला हप्ता लय नाजूक. बुढ्याची सोळा आली. मी चौथी शिकली, बेरीज येते मले. वजाबाकीच कच्ची.

गुरुवार, ता. ६
आज गोंधळ. बुढा डाव्या हातानं चादरीची किनार खुडून राहिला. सरू ओरडली. "वयनी, चादर खुडते! माह्या सासऱ्यानं अशीच खुडली, सांजेले गेले." अन् गंगाजलाचा चमचा तोंडाशी नेलाबी!
पल्लवी धावली. "आत्याआजी, त्याले गिळता येत नाही अजून! पाणी फुफ्फुसात गेलं तर त्यानंच जीव जाईल!"
सरूनं चमचा मांगं घेतला.
मी चादर पाहिली. किनारीतला एक धागा तुटलेला. चाळीस वर्षं हातमागावर बसलेला माणूस, तुटका धागा सोडते का? कानात म्हणलं, "दवाखान्याची हाय जी, आपली नाही."
हसला ना! अर्ध्याच तोंडानं, पण हसला. कोष्ट्याची पोर असून सरू धागा इसरली. मंग लाजली.

शनिवार, ता. ८
बेरीज अकरा! सोळातून पाच गेले. जमली बाई वजाबाकी.
डॉक्टर म्हणले, "आजी, महिनाभर काही सांगता येत नाही, पण लक्षण चांगलं आहे." गिळणं तपासून चमच्यानं दाट पेज देली. पाच चमचे! साऱ्या वॉर्डाले सांगून आली. बाजूच्या खाटेजवळची बाई म्हणते, "काहून वो, बुढा निवडणूक जिंकला का?" म्हणलं, हो.

सरू दुपारी गेली. गडू माह्याच पिशवीत. "बुधवारी येतो, सुनेले घेऊन. तवा वापस नेतो."
वर लुगडं झाकून ठेवलं. नेते का ठेवते, ते पाहू.
बुधवार म्हणजे ता. १२. तोवर नाजूक हप्ता सरते.