कापसात भरलेली हवा

अब्बा, गेल्या आठवड्यात चारचौघांसमोर मी खोटं बोलले, आणि ते तुमच्याबद्दल होतं. सुरतेच्या आमच्या प्रयोगशाळेत मी माझं काम मांडत होते. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, ‘ही कल्पना तुम्हाला सुचली कुठून?’ मी म्हणाले, ‘वाचनातून.’ टाळ्या झाल्या, चहा आला, आणि मी भरलेला कप तसाच ठेवून निघून आले. आज रविवार, नंदुरबारला घरी आलेय. तुमच्या दुकानाच्या खोलीत बसून लिहितेय. अम्मी दोनदा डोकावून गेली. हिशेब करतेय असं तिला सांगितलंय, म्हणजे हेही खोटंच.

तुम्हाला माझं काम कधी नीट सांगितलंच नाही. ‘पोरगी पानी साफ करस,’ असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, ते काही चूक नव्हतं. आपल्या गल्लीतल्या बोअरचं मचूळ पाणी आठवतं ना, ज्यात तूरडाळ दुपारपर्यंत शिजायची नाही आणि अम्मी चुलीवर चिडायची? अशा पाण्यातला क्षार मी विजेने ओढून घेते. कार्बनच्या दोन पातळ चकत्या समोरासमोर ठेवायच्या, मधून पाणी सोडायचं आणि चकत्यांना थोडीशी वीज द्यायची. क्षाराचे कण त्यांना जाऊन चिकटतात, पुढे गोडं पाणी निघतं. चकत्या भरल्या की वीज बंद करून त्या धुवायच्या आणि पुन्हा कामाला लावायच्या. त्या बनतात कार्बनच्या नळ्यांपासून. केसाच्या कितीतरी पट बारीक अशा या नळ्या डोळ्यांना मात्र नुसती काळी भुकटी दिसतात. त्यांची खोडही आपल्या कापसासारखीच, एकमेकींना धरून गुठळ्या करून बसतात.

ती चकती मला साधत नव्हती. कित्येक महिने मी एकच करत राहिले, जास्त नळ्या घ्यायच्या आणि यंत्राखाली दाबून घट्ट चकती करायची. जितका कार्बन जास्त तितका क्षार जास्त, असा सरळ हिशोब. दिसायला चकत्या इतक्या देखण्या की पाहत राहावं. पाणी मात्र जसं आत जायचं तसंच बाहेर यायचं. प्रयोगशाळेतल्या सरांनी शेवटी हळूच सुचवलं की दुसरा विषय घेतलेला बरा. त्या संध्याकाळी फेकायच्या चकत्या गोळा करताना एकीवर मी सहज तळहात ठेवून दाबलं, जसं तुम्ही गादीवर दाबून बघायचात. आणि तुमचा आवाज कानात घुमला.

बारावीच्या सुट्टीतला तो दिवस. तुम्ही तापाने आडवे झालेले आणि कोरीट गावच्या एका लग्नघरची गादी द्यायची राहिलेली. म्हटलं, पिंजाऱ्याची लेक आहे, मला काय येत नाही? कापूस घाईघाईने पिंजला, वर दोन किलो जास्तीचा घातला, गुडघ्याने दाबून दाबून खोळ भरली आणि टाके घातले. गिऱ्हाईक खूश होऊन गादी बैलगाडीत चढवायला निघालं, तेवढ्यात तुम्ही भिंतीला धरत बाहेर आलात. गादीवर तळहात ठेवलात आणि त्यांच्यादेखत कात्री मागितलीत.

‘अब्बा, कापूस कमी नाही, जास्तच घातलाय!’ मी म्हणाले.

‘ही गादी नही शे बेटी, इट शे इट,’ विटेवर थापटावं तसं गादीवर थापटत तुम्ही म्हणालात. ‘कापूसनासंगे हवा बी भरनी पडस.’

गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलंत, आणि अंगात ताप असताना गादी उसवून, पिंजण घेऊन कापूस मोकळा करत बसलात. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला त्या दिवशी तुमचा भयंकर राग आला होता, अब्बा. तुमच्या तापाकडे माझं लक्षही गेलं नाही.

तर त्या चकतीचं मी तेच केलं. नळ्या निम्म्याच घेतल्या. पाण्यात घालून आवाजाच्या बारीक थरथरीने गुठळ्या सोडवल्या, आमची पिंजण तीच. मग तो लगदा गोठवला आणि त्यातला बर्फ वितळू न देता थेट वाफ करून उडवून लावला. बर्फाच्या जागी पोकळी राहिली, पाण्याला आत शिरायला वाट झाली. आपल्याच बोअरचं पाणी कॅनमधून नेलं होतं. मीटरवरचा आकडा खाली उतरायला लागला तेव्हा मी खुर्चीवरून उठून चक्क नाचले. पुढच्या वेळी येताना त्यातलं बाटलीभर पाणी अम्मीकडे आणलं. तिने मूठभर डाळ शिजत लावली. प्रयोगातलं पाणी आहे, डाळ खायची नाही, असं मी बजावलं, तेव्हा तिने नुसता दाणा चिमटीत दाबून पाहिला आणि म्हणाली, ‘डाय शिजनी वं.’ आम्ही दोघी तुमच्या फोटोकडे बघत बसलो.

आता या कामाच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की ही कल्पना माझ्या वडिलांची, ते नंदुरबारला गाद्या भरायचे. वसतिगृहात असताना मी तुम्हाला ‘कापसाचे व्यापारी’ करून टाकलं होतं, तेही त्यात फिटलं असं समजते. तुमची मी फार ऋणी आहे. हे तुमच्या तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही हसून उडवून लावलं असतंत, म्हणून इथे म्हणते.

एक मात्र कबूल करायचं राहिलं. मी नोकरीला निघताना तुम्ही भरून दिलेली गादी अजून माझ्याकडेच आहे. दोन-तीन वर्षांनी गादी उसवून पुन्हा पिंजावी लागते हे लोकांना मीच सांगत असते. या गादीला तुम्ही गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही. तिची पार इट झालीय, सकाळी पाठ धरते. हे पत्र तिच्यातच ठेवावं म्हणून आज ती सोबत आणली, कात्री घेऊन बसलेही. पण टाके तुमच्या हातचे आहेत, अब्बा. मला एकही कापता आला नाही.