योग्य पादत्राणे आणावीत

प्रिय आत्या,

आधी वाकून नमस्कार आणि मग तुझ्या गुडघ्याची चौकशी. वॉर्डातल्या ओल्या फरशीवर तू घसरलीस त्याला आता दोन महिने होतील. सूज उतरली का, ड्यूटीवर दिवसभर उभं राहवतं का, आणि त्या झिजून गुळगुळीत झालेल्या रबरी सपाता टाकून दिल्यास का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. मागच्या वेळेसारखं तिन्हींना मिळून "बरी आहे" एवढंच उत्तर देऊ नकोस. आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे शरीरानं. डोकं मात्र घरात सध्या एकाचंही ठिकाणावर नाही आणि त्याला कारण मी आहे.

आमची संस्था शहरातले पदपथ मोजते हे तुला माहीत आहेच. कुठे फरशी उखडली आहे, कुठे म्हातारी माणसं नाइलाजानं रस्त्यावर उतरून चालतात, हे आम्ही टेप घेऊन बघत फिरतो. (माणसाला न पडता चालता यावं हा मी त्याचा मूलभूत हक्क मानते. दादा याला "मोठं काम" म्हणतो आणि ट्रक घेऊन निघून जातो.) याच कामाबद्दल बोलायला मला पाच दिवसांच्या एका परिषदेत बोलावलं आहे. ती परिषद ज्या शहरात आहे तिथे या दिवसांत गुडघाभर बर्फ असतो. घरातली पहिली पदवीधर मी आणि आता विमानात बसणारीही पहिली मीच. भाषण तयार आहे, तिकीट आलं आहे. घोडं अडलंय ते आयोजकांच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीपाशी. ती ओळ अशी: "कृपया योग्य पादत्राणे आणावीत."

आता योग्य म्हणजे कोणती? मी तसं नम्रपणे विचारलं. उत्तर आलं की सभागृहात बाहेरचे बूट चालत नाहीत, ते दाराशी काढून आत वेगळं काहीतरी घालावं लागतं. म्हणजे शंका एक होती, तिचे जोड दोन झाले. ऑफिसातल्या टायपिस्ट बाई एकदा तीन दिवस बर्फात राहून आल्या आहेत. त्या म्हणाल्या, चामडं अजिबात नेऊ नकोस, रबरी बूटच घे. दादा म्हणाला, थंडीत रबराचं लाकूड होतं, खेळायचे बूट ने. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंचं मत असं की मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात, मग वर काहीही घातलं तरी चालतं. आईनं फक्त न्हाणीघरातल्या चपलांची आठवण करून दिली. मी सगळ्यांची मतं मांडून एक तक्ता केला. त्यातून एवढंच निष्पन्न झालं की पाच दिवसांना सहा जोड लागतील आणि बॅगेत कपड्यांपैकी एक रुमाल मावेल.

आणि मग बाबा मधे पडले. माझ्या फोनवरचा बर्फातल्या बुटांचा फोटो त्यांनी मागून घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि काही न बोलता दुकानात गेले. तुझ्या भावाला तू ओळखतेसच. चाळीस वर्षं लोकांच्या टाचा आणि तळवे बदलण्यात गेली. चपला हौसेनं करतात, पण लेस आणि आत ऊब असलेला बूट जन्मात कधी केलेला नाही. आठ दिवस दुकानातून फक्त ठोकल्याचा आवाज येत होता. (आतल्या अस्तरासाठी आपली जुनी घोंगडी गेली. आईला ते चौथ्या दिवशी कळलं.) नवव्या दिवशी त्यांनी जोड माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बघ घालून."

मी घातले. आत्या, माझी पाचही बोटं आत मूठ करून बसली. लांबीला बूट चांगला बोटभर कमी. आणि गंमत म्हणजे वरून इतका सैल की लेस कितीही आवळा, मधे पोकळी राहतेच. बाबांनी विचारलं, "घट्ट होतायत का?" मी म्हणाले, "नाही, अगदी बरोबर." पदपथाच्या अर्ध्या इंचासाठी इंजिनिअरशी भांडणारी मी हे म्हणाले. बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, मग पुन्हा पायांकडे.

त्या रविवारी दादा आम्हाला बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेला. तिथे त्याचा मित्र काम करतो. लांबच्या लांब लाद्या मांडलेल्या होत्या. बाबा म्हणाले, "चालून दाखव." मी तीन पावलं चालले आणि चौथ्याला बसले. बाबांनी मला उठवलं नाही. माझा पाय वर उचलून ते बुटाचा तळ निरखत राहिले. पावलं कशी टाकायची हे दाखवायला दादा आपले खेळायचे बूट घालून पुढे आला. कशी टाकायची ते मला दिसलं नाही, कारण तो माझ्या शेजारून आडवाच पुढे गेला. एवढ्यात तिथला हमाल हातात चहा घेऊन त्याच लादीवरून सरळ चालत आला. त्याच्या पायात तुटकी चप्पल होती आणि तिच्यावरून गोणपाट सुतळीनं बांधलेलं. म्हणाला, "ताई, गोणपाट न्या. तिकडंपण चालंल." (तक्त्यात सातवी ओळ वाढली.)

घरी येऊन बाबांनी आख्खा तळ उखडला आणि दादाच्या ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा कापून त्यावर आडव्यातिडव्या खाचा मारून बसवला. दुसऱ्या परीक्षेत बूट लादीला पालीसारखे चिकटले. फक्त जोडाचं वजन आता तीन किलो भरतं.

एवढं झाल्यावर माणूस खूश व्हायला हवा. पण बाबा दोन दिवस दुकानात एक कागद समोर धरून बसून आहेत. गिऱ्हाइकांचे जोड तसेच पडले आहेत. आज ते चहाला गेले तेव्हा मी तो कागद पाहिला. घरातल्या सगळ्यांच्या पावलांची मापं आखलेले कागद त्यांच्या खिळ्याला अडकवलेले असतात हे तू जाणतेस. एकावरही नाव नाही. "माणूस जसा चेहऱ्यावरून ओळखावा तसा मी पायावरून ओळखतो", ही त्यांची एवढीच काय ती ऐट. तर त्या कागदावरच्या पावलाला अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. आपल्या घरात ते बोट फक्त तुझं. कागदाच्या मागे कॅलेंडरचा महिना छापलेला आहे, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षाचा.

मी आईला विचारलं. भाजी चिरता चिरता, मान वर न करता ती म्हणाली, "नर्सच्या कोर्सला जायची होती ना ती. तेव्हा तिच्या बुटांसाठी काढलेलं माप ते. कातडंसुद्धा कापून झालं होतं. मग तुझे आजोबा नाही म्हणाले आणि ती वॉर्डात आया म्हणून लागली."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. माझा हात धरून कॉलेजात नेलंस, सुट्टीच्या दिवशी फॉर्मच्या रांगेत उभी राहिलीस, आणि बोललीस काय, तर "सही नीट कर." बस.

आता माझी अडचण तुझ्या लक्षात आली असेल. बाबांची नजर चुकली. खिळ्यावरून भलताच कागद काढला गेला. पायावरून माणूस ओळखणाऱ्या माणसाला हे सांगायचं कुणी आणि कोणत्या तोंडानं? बूट नेले तर चालण्याच्या हक्कावर भाषण करायला मी लंगडत जाणार. नाही नेले तर त्यांना सगळं कळणार. खरं बोलावं असं मी आजवर अनेकांना ऐकवलं आहे. मला काही सुचत नाही.

तुझी भांबावलेली भाची

ता. क. १ : खरं म्हणजे एक सुचलं आहे आणि त्यासाठीच हे पत्र. येत्या रविवारी सहज म्हणून ये. बूट दाराशीच ठेवलेले असतील. तू सहज म्हणून पाय घाल आणि म्हण, मला हे फार आवडले, मी काढणार नाही. तुला ते नाही म्हणणार नाहीत. मी थोडी रुसल्यासारखं करीन आणि मग गुपचूप रबरी बूट विकत घेईन.

ता. क. २ : वरचं रद्द समज. पाकीट चिकटवण्याआधीच बाबा परत आले आणि कागद माझ्या हातात होता. मी शक्य तितक्या मायेनं म्हणाले की वयोमानानं नजर कुणाचीही चुकते. ते म्हणाले, "कुणाची चुकली? तुझे आहेत असं मी म्हणालो होतो?" मी सगळे दिवस आठवून पाहिले. नव्हते म्हणाले. "बघ घालून" आणि "चालून दाखव", एवढंच. बर्फावर जो घसरत नाही तो ओल्या फरशीवर काय घसरणार, असा त्यांचा हिशेब. आत घोंगडी, कारण वॉर्डातली फरशी गार असते. वरून सैल ठेवलेत, कारण ड्यूटी संपेपर्यंत तुझे पाय सुजतात. तुझ्याकडे माप मागितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "कशाला, आहेत की सपाता." आणि दोन दिवस ते कागद धरून का बसले होते? तर "तुझा पाय तिच्याहून बोटभर लांब. तुला बरोबर बसले म्हणालीस, म्हणजे तिला मोठे होणार. चुकलो कुठे तेच शोधत होतो." म्हणजे या सगळ्यात चुकलं ते एकटीचं, आणि ती घरातली पहिली पदवीधर. माझं माप त्यांनी आत्ताच घेतलं, दोन मोजे चढवून, नव्या कागदावर. नऊ दिवस उरलेत. होतील म्हणतात. तू रविवारी येच, फक्त नाटक करू नकोस, आणि "कशाला" म्हणू नकोस.

ता. क. ३ : येताना त्या गुळगुळीत सपाता घेऊन ये. टाकायला नाही. सभागृहात आत घालायचं काही अजून ठरलेलं नव्हतं, ते आता ठरलं. तू ज्यांवरून घसरलीस त्याच घालून मी व्यासपीठावर जाणार आहे. माझी टाच बोटभर मागे बाहेर राहील, राहू दे. त्यांनी योग्य पादत्राणे आणा म्हटलं आहे.