रांझीपर्यंतचा रुमाल

विजय नगर, जबलपूर
रविवार, दुपार

ती. नीलकंठकाकांना,

प्रतिमाचा शि. सा. नमस्कार. काकूंनाही सांगावा. तुमचा ऑपरेशन झालेला गुडघा आता नागपूरला रुळला असेल आणि दुसरा त्याच्याकडून चार गोष्टी शिकत असेल, अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. आईची कंबर दुखते, पण ते कोणाला कळवलेलं तिला आवडत नाही, म्हणून मी लिहिलं नाही असं समजा.

पत्रास कारण की, मी सध्या जगाच्या कामात आहे. आमच्या छोट्या कंपनीने मला एक मसुदा वाचायला दिला. एका ठिकाणी साठवलेल्या फायली अनेक कॉम्प्युटरांनी दुरून कशा वापरायच्या, याचे ते नियम. अजून पक्के झालेले नाहीत, आणि (हे मला अजूनही खरं वाटत नाही) पृथ्वीवरचा कोणीही माणूस ईमेल करून त्यावर शंका विचारू शकतो! बाबांना ती दोनशे पानं म्हणजे फॉर्म वाटला. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून गॅसपासून विम्यापर्यंत सगळे फॉर्म मीच भरते, तेव्हा सही कुठे करायची एवढंच त्यांनी विचारलं.

त्र्याऐंशीव्या पानावर मी अडले. एका कॉम्प्युटरने फाईल उघडली की ती त्याच्यासाठी राखून ठेवायची, म्हणजे दुसरा मध्येच खोडाखोड करणार नाही. इथवर ठीक. पण तो कॉम्प्युटर अचानक गप्पच झाला, तर ‘वाजवी काळ’ वाट पाहून फाईल मोकळी करावी, असं लिहिलेलं. वाजवी म्हणजे किती? तो ठरवणार कोण? मोजायचा कधीपासून? मला जेवण जाईना. मी शंका लिहिली, आणि ती स्पष्ट व्हावी म्हणून उदाहरण दिलं तुमच्या-बाबांच्या फॅक्टरीच्या ड्युटीच्या बसचं. भाऊराव विजय नगरला चढतात, खिडकीच्या जागेवर रुमाल टाकतात, आणि रांझीला नीलकंठ चढले की रुमाल उचलतात. नीलकंठ रांझीला चढले नाहीत, तर ती जागा कधी मोकळी? (बाबांचं आणि तुमचं नाव बदलायला हवं होतं, हे पाठवल्यावर सुचलं.)

काका, आठ दिवसांत चार देशांतले अकरा लोक बाबांवर चर्चा करून राहिले होते. मसुद्याचे संपादक फिनलंडचे, फार सभ्य. त्यांनी विचारलं, भाऊरावांचा स्वतःचा नियम काय? एकाने विचारलं, बसच बंद पडली तर? मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, “काहून, त्यात काय? दुसरी बस येते. पहिले जुन्या जागावाले बसतात, मग बाकीचे.” मी तसंच्या तसं कळवलं. तज्ज्ञ मंडळी खूश झाली.

शेवटी असं ठरलं की ज्याच्यासाठी राखून ठेवलं आहे, त्याने अधूनमधून ‘मी आहे’ अशी खबर द्यावी. नव्वद सेकंद खबर नाही, तर फाईल मोकळी. संपादकांनी माझं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं घेतलं, आणि शेवटच्या पानावर आभारात माझं नाव आहे, पुढे बाबांचंही. आईने ते पान देवाजवळ ठेवलंय. बाबा मात्र चिडले. “नव्वद सेकंद? एवढ्यात तं माणसाला चपला सापडत नाहीत! त्या साहेबाला लिही, इथं गुडघ्याचं ऑपरेशन आहे.” मी लिहिलं नाही. एवढ्या दूरच्या माणसाला गुडघा कुठून समजावू?

तर असं आहे. बाकी सर्व क्षेम. काकूंना सांगा, लोणचं पोचलं आणि संपलं.

आपली,
प्रतिमा

ता. क. – रुमाल अजून पडतो, काका. आठ महिने झाले. रांझी येते, कोणी चढत नाही, तरी तो थेट खमरियाला फॅक्टरीच्या फाटकापर्यंत जागेवर. नवीन लागलेला शशिकांत दांडा धरून उभा असतो. परवा त्याने विचारलं, “दादा, यहाँ कोई है क्या?” बाबा म्हणाले, “हैं. आ रहे हैं.” तो म्हणाला, “जी, आठ महीने से?” बसभर हसले. बाबा नाही हसले.

ता. क. २ – खरं काम हे. ड्युटीवर परत येणार की तिकडूनच रिटायरमेंट घेणार, ते कृपया लेखी कळवा. फोनवर तुम्ही ‘बघू’ म्हणता आणि फोन काकूंना देता. येणार असाल तर तारीख लिहा. नसाल तर तसं लिहा. बाबा आठ दिवस कोणाशी बोलणार नाहीत, मग खिडकीकडे सरकतील. पण ‘बघू’ लिहू नका. जगाचा वाजवी काळ मी दुरुस्त केला, घरचा माझ्याने होत नाही.

ता. क. ३ – हे बाबांना न सांगता पाठवणार होते, पण पाकीट चिकटवताना त्यांनी पाहिलं. वाचलं नाही. फॉर्म समजून सही कुठे करायची विचारलं, मी जागा दाखवली. सहीच्या वर त्यांनी एक ओळ लिहिली आहे, ती तशीच राहू देते.

बस आता रांझीला सात दहाला येते.
भाऊराव